बापाच्या नाडीची नक्कल

यवतमाळ जिल्हा, कापूस, अन् ती वर्षं. एवढं वाचलं का वाचणारा रुमाल काढून बसते. ठेवा तो खिशात. ह्याच्यात कोणी मरत नाही. कोणाचं शेत जात नाही, आमच्यापाशी शेत नव्हतंच. पेपरवाला फोटो काढाले येत नाही, कोणी मंत्री घरी येऊन चहा पीत नाही. माह्या बापाची तब्येत बिघडली ते सांगून राह्यलो, पण तेही जरा उलटंच प्रकरण आहे. ती बिघडली कारण ती फार चांगली होती.

बाप तेव्हा अठ्ठेचाळीसचा. पोट नाही, शुगर नाही, बिडी नाही, दारू नाही. वणीच्या एका जिनिंगमध्ये फिटर होता. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी येगळी काढतात तो कारखाना. तिथं ओळीनं मशिनी राहतात, एकेकीत एक चामड्याचा रोलर अन् खालीवर होणारी सुरी. सगळ्या चालू झाल्या का माणसाले आपलाच आवाज ऐकू येत नाही. माह्या बापाले मात्र त्या गोंधळात सात नंबरची बेअरिंग कुरकुरते हे ऐकू ये. मंग तो लांब दांडीचा पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, काढे, टोक बेअरिंगवर टेकवे, मूठ कानाले लावे, अन् डोळे मिटून उभा राहे. मंग सांगे, "चार दिवस चालन." पाचव्या दिवशी ती मशीन बंद पडे. मालक त्याले डॉक्टर म्हणे. बापाले त्यात गंमत वाटत नसे. त्याले ते पद वाटे.

त्या वर्षांत कापूस कमी आला. जिनिंग दोन पाळ्यांवरून एका पाळीवर आली, अन् एका पाळीवरून 'बोलावलं का या' वर आली. बोलावे कोणी नाही. मशिनी गंजू नये म्हणून बाप हप्त्यातून एकदा जाऊन त्या रिकाम्या फिरवे अन् घरी ये. बाकीचे सहा दिवस त्याच्या अंगात ताकद नुसती शिल्लक राहे. ती त्यानं सायकलीवर काढली.

सायकल नवी नव्हती. आमच्या वस्तीतले पाच-सहा जण दर वर्षी दसऱ्याले सायकलीनं नागपूरले जात, दीक्षाभूमीवर. पांढरा शर्ट, पांढरी पॅन्ट, हँडलले निळा झेंडा. सगळे चाळिशीच्या पुढचे. माहा आजा छप्पन साली पायी गेलता, म्हणून बाप म्हणे, सायकल म्हणजे चैनच आहे. अकरा वर्षं झाली होती, एक साल चुकलं नव्हतं. एका साली वरोऱ्यापाशी फोर्क तुटला तं त्यानं सायकल खांद्यावर घेतली. एका साली माही लहान बहीण नेमकी दसऱ्याच्या आदल्या दिवशी जन्मली. ती बापाले तीन दिवसांची झाल्यावर दिसली. माय हे अजून विसरली नाही, अन् विसरू देतही नाही.

आधी बाप दसऱ्याच्या महिनाभर अगोदर सराव करे. राजूरपर्यंत जाऊन ये. तिकडं कोळशाचे ट्रक चालतात, त्याच्यानं पांढरा गेलेला बाप काळा होऊन परते. जिनिंग बंद झाली तसा हा सराव बारमाही झाला अन् राजूरचं मुकुटबन झालं. जाऊन येऊन साठ किलोमीटर. रोज. पावसात, उन्हाळ्यात, दिवाळीले. दोन वर्षं. वस्तीतले लोक आपल्या सुटलेल्या पोटाच्या पोरांले माहा बाप दाखवत. "पाहा, अन् शिक काही." त्याची नाडी मिनिटाले चव्वेचाळीस पडे. हे त्यानं स्वतः घड्याळ लावून मोजलं होतं अन् पाहुण्यांले चहाच्या आधी सांगे.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाले होतो, म्हणजे काहीच करत नव्हतो. मले नकला येत. गणिताचे सर येत, एसटीचा कंडक्टर ये, खरेदी केंद्रावरचा ग्रेडर ये, जो मूठभर कापूस हातात घेऊन तोंड असं करे का कापसालेच लाज वाटावी. मशिनीही येत. चालू जिनिंग मी फक्त तोंडानं अन् दोन बोटांनी वाजवे. गॅदरिंगमध्ये लोक कान दाबत. नक्कल कशाचीही जमते, फक्त तिचा हिसाब सापडला पाह्यजे. प्रत्येक माणसाचा, मशिनीचा एक फेरा राहते. तो फेरा पकडला का झालं.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी दुपारी पोट्टे लाकडी बैल घेऊन गल्लीत बोंबलून राह्यले होते. बाप मुकुटबनहून आला, आलूवांग्यासंगं तीन भाकरी खाल्ल्या अन् खाटेवर आडवा झाला. माय बाहेर पोट्ट्यांचे बैल पाहाले गेलती. मले त्याच्या घोरण्याची नक्कल बसवाची होती, म्हणून मी उशाशी बसलो. पाहतो तं त्याच्या मानेची शीर काही तरी भलतंच करून राह्यली होती. उडे, थांबे, दोनदा उडे, मंग बराच वेळ काहीच नाही.

खुंटीवर त्याचा पेचकस होता. मी घेतला. टोक छातीले लावलं असतं तं बाप उठला असता, म्हणून उलटा धरला. मूठ त्याच्या छातीवर अन् टोक माह्या कानात. हे कोणी करू नका.

आवाज आला. ढब. ढब-ढब. मंग काहीच नाही, एवढं काहीच नाही का मले वाटलं मशीन बंद पडली. मंग लागोपाठ तीन. मंग एक, उशिरा आलेला, जसा उशिरा आलेला पोट्टा वर्गात घुसते.

बापानं डोळे उघडले. "काय करून राह्यला बे?"

"तुमची बेअरिंग पाहून राह्यलो."

"काय म्हणते?"

"टाइमिंग गेलं."

मले वाटलं आता एक बसन. नाही तं हसन. बापानं दोन्ही केलं नाही. त्यानं दाराकडं पाह्यलं, माय नाही ना म्हणून, अन् हळूच म्हणाला, "तुलेही ऐकू आलं का?"

म्हणजे त्याले माहीत होतं. उन्हाळ्यापासून. जेवून आडवा झाला का छातीत पाखरू फडफडल्यासारखं होये, कधी दहा मिनिटं, कधी दोन तास. उठून उभा राह्यलो का डोळ्यांपुढं अंधारी येते, म्हणाला. अन् त्याच्यावर त्याचा उपायही काढून झाला होता.

"हे पाय. मशीन रिकामी फिरवली का खडखड करते का नाही?"

"करते."

"अन् कापूस टाकला, लोड देल्ला, का?"

"आवाज बसते."

"बस. माह्या सायकलीवर दोन किलोमीटर गेलो का छाती घड्याळासारखी चालते. घरी आलो, आडवा झालो, का खडखड. म्हणजे काय?"

"काय?"

"लोड कमी पडून राह्यला."

मले हे पटलं. फिटरच्या पोराले पटनच. दुसऱ्या दिवसापासून बाप मुकुटबनवरून न परतता पुढं झरीच्या रस्त्यानं आणखी दहा किलोमीटर जाऊ लागला. खडखड वाढली. त्यानं आणखी पाच वाढवले.

"मायले सांगू नको," त्यानं मले बजावलं. "दसरा होऊ दे. बारावं साल आहे. मंग पाहू काय पाहाचं ते."

मी कबूल केलं. अन् नक्कल बसवाले घेतली.

आता हे लिहिताना बरं दिसत नाही, पण तेव्हा मले तो एक आयटम वाटला. जगात कोणापाशी आपल्या बापाच्या काळजाची नक्कल नव्हती. रोज दुपारी बाप झोपला का मी मनगट धरून बसे, अन् मंग मागच्या दारी जाऊन पत्र्याच्या डब्यावर बोटं वाजवे. जमे नाही. पहिल्यांदाच असं झालं. आज जे ऐकलं ते पाठ केलं तं उद्या येगळंच. सकाळचा पाठ दुपारी चुकीचा. तीन हप्ते गेले. फेराच सापडे नाही.

तरी मी ते अर्धं-कच्चं घेऊन सायकलवाल्या चाचाच्या दुकानात गेलो. चाचा वणीतला जुना मिस्त्री, बापाची सायकल दुरुस्तीले त्याच्याकडंच असे. नागपूरच्या आधी ती पूर्ण खोलून, ग्रीस भरून, चाकं सीधी करून तो देई. त्या दिवशीही ती उलटी टांगलेली होती. दुकानात चार जण होते. मी आधी कंडक्टर केला, हसले. ग्रेडर केला, एकजण बाकावरून खाली आला. मंग मी टूलबॉक्सवर बापाचं काळीज वाजवलं.

कोणी हसलं नाही.

"ये क्या है बे?" चाचा म्हणे. "डिझेल इंजन?"

"ओळखा."

"मेरे को चालीस साल हुए. कोई भी मशीन बिगडती तो एक हिसाब से बिगडती. ये तो बेहिसाब है. किसका है?"

"बाबाचं."

"क्या बाबा का?"

"काळीज."

चाचानं हातातला पाना खाली ठेवला. मंग उठून बापाच्या सायकलीचं मागचं चाक काढलं, आत नेलं अन् कपाटात ठेवून कुलूप लावलं. "जा के बोल उसको. डॉक्टर की चिठ्ठी ला, चक्का ले जा."

बाप स्वतः गेला भांडाले. अर्धा घंटा भांडला. "अबे माहं चाक आहे ते!" म्हणे. चाचा दुसऱ्याची पंक्चर काढत राह्यला. शेवटी बाप मले म्हणाला, "चल. चिठ्ठी आणू. अन् तिथं तू तोंड उघडलं तं याद राख."

वणीत हृदयाचा कागद काढणाऱ्या एकच डॉक्टरीणबाई होत्या. केस पांढरे, आवाज वर्गात मागच्या बाकापर्यंत जाणारा. मायले बापानं सांगतलं का जिनिंगवर चाललो, तिनं डबा देल्ला. त्या दिवशीही सकाळी त्यानं माही सायकल घेऊन मुकुटबन करून घेतलं होतं. डॉक्टरकडं जायाचं तं फिट जावं, म्हणे.

दवाखान्यात गर्दी. आमचा नंबर सोळा. मी दोन घंटे गप्प बसू शकत नाही, हा माहा दोष आहे. कंपाउंडर नाकात बोले, "नंबर अकराऽ, आत या." तो चहाले गेला तेव्हा मी त्याच्या आवाजात बारा नंबर बोलावला. बारा नंबर उठून आत गेला. आत अकरा नंबरची बाई तपासाच्या टेबलावर होती. मोठा आवाज झाला. बारा नंबर बाहेर आला अन् कंपाउंडरशी भांडला. बापानं माह्याकडं पाह्यलं. मी भिंतीवरचं क्षयरोगाचं पोस्टर वाचलं.

आमचा नंबर आला. मॅडमनं नाडी पाह्यली, बीपी पाह्यलं, तारा लावून कागद काढला, कागद उजेडाकडं धरला.

"खेळता का काही?"

"सायकल," बाप म्हणे.

"कागद चांगला आहे. नाडी हळू आहे, पण ती खेळाडूंची असते तशी. काय त्रास होतो?"

"काहीच नाही मॅडम. दसऱ्याले नागपूर सायकलीनं जातो. एक चिठ्ठी पाह्यजे, का जाऊ शकतो म्हणून."

त्यानं माह्याकडं पाह्यलंही नाही. मॅडमनं लेटरहेड ओढलं, पेन उघडलं, तारीख टाकली. मी टेबलावरची काच पाहत होतो. तिच्याखाली औषधांच्या कंपन्यांचं कॅलेंडर होतं. दसऱ्याले अठरा दिवस होते. मॅडमनं 'सदर इसम' लिहिलं.

तोंड उघडाचं नव्हतं. मी बोटं टेकवली अन् काचेवर वाजवलं.

मॅडमनं वर पाह्यलं. "हे काय?"

"ह्यांचं काळीज," मी म्हणलं. "दुपारचं. जेवल्यावरचं."

"मॅडम, ध्यान नका देऊ," बाप म्हणे. "नकल्या आहे तो. काहीही वाजवते. मघाशी बाहेर बारा नंबरले त्यानंच तं…" अन् थांबला.

"तो तू होतास?" मॅडम म्हणाल्या.

"होय."

"बाहेर जा."

मी उठलो. बरोबरच होतं. मॅडमच्या जागी मी असतो तं मीही मले बाहेर काढलं असतं. दारापाशी गेलो, पडदा हातात घेतला.

"थांब. मघाचं परत वाजव."

मी परत आलो, वाजवलं.

"हे वेगळं होतं. तू आत्ता बनवतोयस."

"नाही मॅडम. तेच तं सांगून राह्यलो. ते दोनदा सारखं येतच नाही. तीन हप्ते झाले, रोज मनगट धरून बसतो. मले जिनिंग येते, एसटी येते, तुमचा कंपाउंडर दहा मिनिटांत आला. हे बसत नाही. ह्याले फेराच नाही."

मॅडमनं पेनाले टोपण लावलं.

मंग त्यांनी बापाले इचारलं, किती सायकल. बाप म्हणे थोडीशी. मी म्हणलं मुकुटबन. रोज? रोज. आज? आजही. मुकुटबनच्याही पुढं? मी बापाकडं पाह्यलं. तो कॅलेंडर पाहत होता. मी सगळं सांगतलं, अंधारीसुद्धा. फक्त पेचकसाचं सांगतलं नाही, माणसाले थोडी तरी इज्जत पाह्यजे.

"जेवण झालंय?"

"डबा आहे."

"पोटभर जेवा. मग इथेच मागच्या खोलीत आडवे व्हा. चिठ्ठी संध्याकाळी बघू."

दवाखान्याच्या पायरीवर बसून आम्ही जेवलो. भाकर अन् झुणका. बापानं अर्धी भाकर माह्यापुढं सरकवली, ती पण रस्त्याकडं पाहत.

मागच्या खोलीत कंपाउंडरनं त्याले तारा लावल्या. कागद महाग, सारखा चालवता येत नाही, म्हणून मले बसवलं मनगट धरून. "बदललं तं बोलाव मले," नाकात म्हणाला, अन् बाहेर बाकावर जाऊन बसला. बाप पाच मिनिटांत घोरला. नाडी एकदम सीधी. टक, टक, टक. चव्वेचाळीस. अर्धा घंटा झाला, पाऊण झाला. मले घाम आला. आयुष्यात पहिल्यांदा मी खरं बोललो होतो अन् माहा बाप मले खोटं पाडून राह्यला होता, तेही झोपेत.

मंग एक ठोका आलाच नाही. मी बोट घट्ट दाबलं. मंग दोन संगं आले. मंग लंबी सुट्टी. मंग चालू झालं सगळं, माहं पाठ न झालेलं.

"अहो या लवकर!" मी ओरडलो.

"आता कोणाचा आवाज काढतो बे?" कंपाउंडर बाहेरून म्हणे. उठला नाही. त्याचंही बरोबर होतं.

मंग मी मॅडमचा आवाज काढला. "आहात कुठे तुम्ही? इकडे या आधी! कागद चालवा!"

चप्पल सुटून पडली तरी कंपाउंडर धावत आला अन् त्यानं मशीन चालू केली. कागद सरसर बाहेर येऊ लागला. मॅडमही आल्या. त्या स्वतःचाच आवाज ऐकून आल्या होत्या. मले काही बोलणार होत्या, पण कागद हातात घेतला अन् तोच पाहत राह्यल्या. मी वाकून पाह्यलं. काळी टोकं ओळीनं उभी होती, पण प्रार्थनेले पोट्टे उभे राहतात तशी. दोघं चिकटून, एक चार हात दूर, तिघं एकमेकांच्या अंगावर. कागद खाली जमिनीवर लोळला तरी एक जागा दुसऱ्यासारखी नव्हती. बाप घोरत होता.

त्याले उठवलं. कागद दाखवला. त्यानं तो फिटरसारखा पाह्यला, पूर्ण, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मॅडमनं त्याले नीट समजावलं. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची वीज बिघडली आहे, म्हणाल्या. व्यायाम चांगलाच, तो सोडाले कोणी सांगत नाही. पण काही माणसांत, या वयात, वर्षानुवर्षं रोज एवढी दमछाक केली तं ते कप्पे ताणतात अन् भलत्याच वेळी फडफडाले लागतात. नाडी हळू असली, पोट भरलेलं असलं, माणूस आडवा असला का जास्त. फडफडताना रक्त आत साचते, त्याची गाठ झाली अन् मेंदूत गेली तं लकवा.

"पण मॅडम," बाप म्हणे, "लोड देल्ला का बरोबर चालते. मी पाह्यलं आहे."

"चालतं. म्हणूनच तुम्ही फसलात. सायकलवर नाडी वाढते, फडफड दबते. घरी आलात की दुप्पट. तुम्ही औषध समजून रोग घेत होतात."

बापानं कागदाची गुंडाळी केली. मले वाटलं तो लकव्याचं इचारन, गोळ्यांचं इचारन.

"नागपूर?" तो म्हणाला.

"एसटीनं."

"मॅडम, माहा बाप पायी गेलता."

"त्यांची नाडी मी पाहिली नव्हती. तुमची पाहिली आहे. यंदा एसटीनं जा. तीन महिने सायकल बंद, मग मी सांगेन तेवढीच." त्यांनी लेटरहेडवरचं 'सदर इसम' खोडून त्याच्याखाली गोळ्या लिहिल्या, मंग माह्याकडं वळल्या. "आणि तू. माझा आवाज परत या दवाखान्यात काढलास तर तुलाच टेबलावर घेईन. बारा नंबरची माफी मागून घरी जा."

बारा नंबर कधीचा गेला होता. मी कंपाउंडरची मागितली.

घरी जाताना बाप माही सायकल हातात धरून चालला. बसला नाही. वस्तीतला एकजण समोरून आला, "जय भीम, झाली का तयारी?" म्हणे. बाप म्हणे, "जय भीम," अन् तयारीचं काही सांगतलं नाही. टिळक चौक आला, तिथून पुढं गल्ली सुरू होते, तिथं त्यानं मले धरलं.

"तुले काय सांगतलं होतं मी?"

"तोंड उघडू नको."

"मंग?"

"मी तोंडानं काहीच नाही…"

"हुशारी नको दाखवू! अठरा दिवस राह्यले होते, फक्त अठरा दिवस. मंग मीच गेलो असतो ना डॉक्टरकडं. अकरा वर्षांत एक साल चुकलं नाही, अन् आता मी एसटीच्या खिडकीतून हात हलवू का त्या लोकांले? सायकलीवर ते, अन् मी कंडक्टरले सुटे पैसे देत? तुह्यावर इश्वास ठेवला मी. घरात एकट्या तुलेच सांगतलं होतं. तुले बोटं कोणी देल्ली बे?"

तुम्हीच, असं तोंडावर आलं होतं. गिळलं.

घरी माय दारात तूर पाखडत बसलती. बापाचा चेहरा, माहा चेहरा, हातातला गुंडाळलेला लंबा कागद पाह्यला अन् सूप खाली ठेवलं. बापानं सगळं सांगतलं. त्यानं ते असं सांगतलं का गुन्हेगार मीच होतो, अन् त्याचं काळीज फक्त साक्षीदार होतं. मले वाटलं माय आता माह्या बाजूनं बोलन. नवरा वाचला होता.

"तुले कधीपासून माहीत होतं?" तिनं मले इचारलं.

"तान्ह्या पोळ्यापासून."

"अन् आज काय आहे?"

मी बोटांवर मोजाले लागलो.

"तीन हप्ते! तीन हप्ते मी ह्या माणसाले भाकरी वाढून राह्यली, जाऊ देऊन राह्यली, अन् तुले माहीत होतं? हा म्हणे सांगू नको. हा तं सांगनच! बाळंतपणाच्या दिवशी नागपूरले जाणारा माणूस आहे हा, ह्याले अक्कल कधी होती? तुले कॉलेजात काहून घातलं मंग? अंधारी येते म्हणला, तरी तू गप? अन् गप तं गप, नक्कल बसवून राह्यला होता? बाप फडफडून राह्यला अन् पोट्टा डब्यावर वाजवून पाहून राह्यला! चाचाच्या दुकानात चार लोकांपुढं वाजवलं. चाचाले कळलं, टूलबॉक्सले कळलं, दवाखान्यातल्या काचेले कळलं, फक्त मले नाही! साऱ्या वणीचे आवाज येतात ना तुले? मंग 'माय, बाबाचं बरोबर नाही' एवढं आपल्या आवाजात सांगता येत नव्हतं? तोंडाले काय झालं होतं? अन् तुम्ही कायले हसून राह्यले? तुमचं मंग पाहते, आधी आडवे व्हा. नाही, आडवे नका होऊ, बसा. अन् तू उभा काय राह्यला खांबासारखा? गोळ्या आणल्या का? चिठ्ठी आणली अन् गोळ्या नाही आणल्या? जाय, दुकान बंद होईन. अन् पायी जाय!"